मदत हवी आहे : महाबळेश्वरात ऑगस्ट जानेवारीपेक्षा थंड असतो का?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बदली महाबळेश्वरला होतेय. जूनमध्ये जायचंय, पुढचं वर्ष तरी तिथेच. सोबत सासरे आहेत, पंचाहत्तरीच्या पुढचे, दम्याचा त्रास. आम्ही पक्के सोलापूरकर. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटेपुरता एक स्वेटर.

घर ठरवण्याआधी महिनावार सरासरी तापमान बघितलं आणि गोंधळले. जानेवारीची सरासरी १९ अंशांच्या आसपास, ऑगस्टची १८. मग वर्तमानपत्रात दर हिवाळ्यात वेण्णा लेकला दव गोठल्याचे फोटो येतात ते काय? सासऱ्यांना जास्त जड काय जाईल, पाऊस की थंडी? हीटर घ्यावा का? आणि घराचे तीन पर्याय आहेत: लेकजवळ, बाजारपेठेजवळ किंवा थेट पाचगणीला. लेकजवळचं भाडं सगळ्यात कमी आहे.

– सोलापुरी_चादर

धुकेकर :
ताई, माझं माहेर तिथलं. आकडे बरोबर आहेत, पण नुसत्या सरासरीवर जाऊ नका. जानेवारीत दुपारी २४ आणि पहाटे १३-१४ असतं. ऑगस्टमध्ये दुपारी १९ आणि रात्री १६-१७. म्हणजे जानेवारीत दुपारी अंगणात ऊन खात बसता येतं, ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. ढग घरात शिरतात, शब्दशः. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ पाझरतं, टॉवेल वाळत नाही. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पूर्वी भिंतींवर पाऊस येऊ नये म्हणून घरांना गवताच्या झडी (आडोसे) बांधायचे, आता प्लॅस्टिक दिसतं.

हीटर जरूर घ्या, पण जानेवारीसाठी नाही, जुलैसाठी. खोली कोरडी ठेवायला. जमलं तर डिह्युमिडिफायरही, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र. इन्व्हर्टर तपासून घ्या, पावसाळ्यात वीज जाते. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको, दम्याच्या माणसाजवळ तर नकोच.

ढगफुटाणे :
आणि मे महिन्यात किती पाहुणे येतात त्याचीही सरासरी काढून ठेवा. सोलापूर ४२ वर गेलं की सगळ्यांना तुमची आठवण येणार.

वातकुक्कुट :
दव गोठण्याबद्दल. वेधशाळेचा तापमापक जाळीदार पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता झपाट्याने सोडते आणि गवताचं पातं त्या तापमापकापेक्षा कितीतरी थंड होतं. त्यात वेण्णा लेक आणि लिंगमळ्याचा भाग सखल. थंड हवा जड, ती उतारावरून तिथे जाऊन साचते. त्यामुळे वेधशाळेत ८-९ अंशांची नोंद असतानाही लेकजवळच्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठलेलं सापडतं. तुमच्या आकड्यांत आणि त्या फोटोंत विरोध काहीच नाही. लेकजवळचं भाडं कमी का आहे ते मला माहीत नाही, पण सासऱ्यांसाठी ती जागा मी घेणार नाही.

पावसाळ्यात दिवसरात्रीत दोन-तीन अंशांचाच फरक का, तर तेच ढग. दिवसा ऊन अडवतात, रात्री उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. अक्षांश जेमतेम १८, त्यामुळे हिवाळ्यातलं ऊनही उत्तरेतल्या हिलस्टेशनसारखं मलूल नसतं. थंडी आहे ती पावणेचौदाशे मीटर उंचीची. आणखी एक गंमत: कमाल तापमान एप्रिलमध्ये तिशीला टेकतं, मेमध्ये वळीव आणि ढगांमुळे ते उलट किंचित उतरतं.

सोलापुरी_चादर :
खूप आभार! लेक रद्द. आता बाजारपेठ की पाचगणी? नवऱ्याला रोज ये-जा करावी लागेल, पण वीसेक किलोमीटरच तर आहे.

धुकेकर :
पाचगणी. उंचीत शंभरेक मीटरचाच फरक, म्हणजे तापमान जवळपास तेच. पण पाऊस निम्म्याहूनही कमी, कारण घाटमाथ्याची कड महाबळेश्वरला आहे आणि ढग तिथेच रिते होतात. नवऱ्याला जुलैच्या धुक्यात गाडी सावकाश चालवायला सांगा, वीस किलोमीटरला तासभर लागू शकतो. घर बघताना पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा आणि नवीन रंगावर विश्वास ठेवू नका. पावसाळ्याआधी मालक हमखास रंग मारतात.

वातकुक्कुट :
पाचगणीला +१. तरी जाण्याआधी सासऱ्यांच्या छातीच्या डॉक्टरांशी बोला. अनेकांना कोरड्या थंडीपेक्षा ओल आणि बुरशी जास्त बाधते, पण काहींना पहाटेच्या गार हवेनेच धाप लागते. ते कोणत्या गटातले हे डॉक्टरच सांगतील. ओल बाधणारी असेल तर जुलै-ऑगस्ट वाईत काढण्याचा विचार करा. घाट उतरला की वाई. पाऊस एकदम कमी, आणि उंची निम्मी असल्यामुळे हवाही तीन-चार अंशांनी उबदार.

सोलापुरी_चादर :
वाईत दोन महिन्यांपुरतं, तळमजल्यावरचं घर मिळतं का? कोणाला माहिती असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.