क्रोन्स : पोट शांत असतानाही थकवा, कंबरदुखी आणि लाल डोळा

देवगडकर :
नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला क्रोन्सचा, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ दाह होत राहण्याचा आजार आहे. आपल्याकडे अनेकांच्या बाबतीत होते तसे त्याच्यावर आधी आतड्याच्या क्षयाचे उपचार झाले, कारण दोन्ही आजार बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच आढळतात आणि आतड्याचा तुकडा (बायोप्सी) तपासूनही कित्येकदा खात्रीने निदान होत नाही. आता अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू आहे, जुलाब थांबले आहेत. मात्र कलमांच्या बागेत थोडे काम केले तरी तो गळून जातो, पहाटे आखडलेली कंबर हिंडल्याफिरल्याशिवाय मोकळी होत नाही, आणि कालपासून उजवा डोळा लाल होऊन दुखतो व उजेड सहन होत नाही. पोट बरे आहे, तेव्हा ही दुखणी निराळी समजून साध्या गोळ्या घ्याव्यात, असे घरच्यांचे मत आहे. आई त्याला केवळ पेजेवर ठेवते, तो वाद वेगळाच. यांचा क्रोन्सशी संबंध असू शकतो का?

चिपळूणचा डॉक्टर :
डोळ्याचे आधी पाहावे. दुखरा लाल डोळा आणि उजेडाचा त्रास ही डोळ्याच्या आतील दाहाची, म्हणजे युव्हिआयटिसची लक्षणे असू शकतात. दुकानातून थेंब आणून घालू नयेत. उशीर झाल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते, म्हणून आजच नेत्रतज्ज्ञांना दाखवून क्रोन्सचा आजार असल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी बहुधा मणक्याच्या व माकडहाडाजवळच्या सांध्यांच्या दाहाची असते. हा दाह आणि युव्हिआयटिस, दोन्ही आतडे शांत असतानाही सुरू राहू शकतात. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये, त्यांनी आतड्याचा आजार उसळण्याचा धोका असतो.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे), सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासावे. दाह असताना फेरिटिन वाढते, त्यामुळे त्याचा आकडा ठीक दिसला तरी लोहाची कमतरता असू शकते. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषले जाते; तो भाग बिघडलेला असल्यास रोज मासे खाणाऱ्या घरातही ते कमी पडते आणि बऱ्याचदा इंजेक्शन द्यावे लागते. अझाथायोप्रिनमुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्तगणना आणि यकृताची तपासणी नियमित हवीच. पोट खरोखर शांत आहे का, हे शौचातील कॅलप्रोटेक्टिन या, आतड्याचा दाह दाखवणाऱ्या प्रथिनावरून कळते. केवळ रुग्णाच्या सांगण्यावर मी तरी विसंबत नाही.

मालवणहून :
मला हा आजार बऱ्याच वर्षांपासून आहे. आईंची काळजी समजते, परंतु नुसत्या पेजेने वजन आणि स्नायू दोन्ही घटतात. आतडे अरुंद झाले असेल तर फणस, मका, कच्च्या भाज्या असे चोथ्याचे पदार्थ अडकतात. तसे नसेल तर सरसकट बंदीचे कारण नाही. काटे काढलेला मासा, अंडे, मऊ भात माझ्या पोटाला मानवतात. पावसाळ्यात विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे आणि जुलाब लागले तर आजार उलटला असे गृहीत धरून स्टिरॉइड वाढवण्याआधी शौचाची तपासणी करावी, कारण तो साधा संसर्गही असू शकतो. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरल्यावर ताप आला तर लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्याने तर वाट पाहूच नये.

देवगडकर :
कणकवलीला दाखवले. युव्हिआयटिसच निघाला, थेंब सुरू झाले आहेत. आता अझाथायोप्रिन बंद करून दुसरे औषध द्यावे लागेल का?

चिपळूणचा डॉक्टर :
परस्पर बंद करू नये. आतडे, मणका आणि डोळा या तिन्हींवर चालणारे अडालिमुमॅबसारखे दाह रोखणारे इंजेक्शन पोटाचे तज्ज्ञ सुचवू शकतील. त्याने शरीरात दडून राहिलेला क्षय जागा होऊ शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी होते. पूर्वी क्षयाची कोणती औषधे किती काळ घेतली, त्याचे कागद त्या भेटीला सोबत न्यावेत.