मदत हवी आहे: संत्र्याच्या सालीने तांबं खरंच शोषलं का?

नमस्कार मंडळी. पाण्यातले जड धातू सालींनी काढण्याचा छोटा प्रयोग करतोय. शिसं विषारी, शिवाय पाण्यात बिनरंगी, म्हणून सुरुवात मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) निळ्या पाण्याने केली.

संत्र्याची साल वाळवून, दळून टाकली तर पाणी पिवळं पडलं, निळा रंग किती उतरला तेच कळेना! मग भुकटी सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवून धुतली. आता पिवळेपणा गेला, निळा रंगही झरझर उतरला. पण खरी शंका इथेच आहे. पीएच (आम्लतेचा आकडा) पाहिला तर ७ च्या वर, अल्कधर्मी. म्हणजे सालीतल्या कार्बॉक्सिल गटांनी (धातू पकडणाऱ्या आम्लधर्मी जागांनी) तांबं धरलं, की उरलेल्या सोड्यामुळे तांब्याचं न विरघळणारं हायड्रॉक्साइड होऊन ते नुसतं खाली बसलं? तळाशी निळसर गाळ दिसतोय, त्यामुळे मला दुसरी शक्यताच खरी वाटतेय.

पीएच ५ च्या आसपास ठेवून पुन्हा करावं का? फार आम्ल झालं तर हायड्रोजन आयन सालीवरच्या तांब्याच्या जागा अडवतात, एवढं ठाऊक आहे. सोबत सालीशिवायची एक बाटली पुरेल का?

आणि धातू शोषलेली भुकटी टाकायची कशी? कंपोस्टमध्ये नाही, हे उघड आहे. सौम्य आम्लाने धुऊन ती पुन्हा वापरलेलं कोणी आहे का?