बाळंतपणानंतर वहिनी सतत उदास: नागपुरात कुठे दाखवावं?

वर्धारोड: वहिनीच्या डिलिव्हरीला पाच आठवडे झाले. बाळ झोपलं तरी ती टक्क जागी. "माझ्यानं याचं काही होणार नाही" हेच घोकते, जेवण टाळते. आई सांगून राहिली, सवा महिना झाला की होईल नीट. थांबावं का? अंगावर पाजते, म्हणून गोळ्यांची धास्ती आहे.

केसपेपर: थांबू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. हे त्यापुढचं आहे. बाळ झोपल्यावरही झोप न लागणं हा निव्वळ थकवा नाही.

बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासणारी एडिनबर्ग प्रश्नावली भरून घ्या. १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दल, एकूण ३० गुण. बेरीज इथे हमखास चुकते: १, २ आणि ४ या प्रश्नांना वरून खाली ०-१-२-३, बाकी सगळ्यांना उलटे ३-२-१-०. १३ किंवा जास्त आले तर डॉक्टर गाठायचाच, १० ते १२ असले तरी दाखवून घ्या. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी दाखवा. आणि भरताना सासूबाई शेजारी नकोत, नाहीतर सगळी उत्तरं छान येतात.

मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा मिहानच्या एम्सच्या मानसोपचार ओपीडीत जा. डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात डिलिव्हरी झाली असेल तर तिथलं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. टीएसएच आणि हिमोग्लोबिन करायला सांगतीलच, कारण थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरी चित्र असंच दिसतं. तोवर बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीतही.

वर्धारोड: आणि दूध?

केसपेपर: पाजणाऱ्या आईला बहुतेकदा सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी देतात, दुधात फार कमी उतरतं. फरक दिसायला २ ते ४ आठवडे लागतात. खरा घोळ पुढे होतो: बरं वाटलं की घरचेच गोळी बंद करतात आणि त्रास उलटतो. बरं वाटल्यावरही साधारण ६ महिने चालू ठेवतात, मग डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

रात्रपाळी: झोपेचं आजपासून बघा. रात्री १० ला पाजून तिला वेगळ्या खोलीत झोपवा, ३ पर्यंत उठवू नका. मधलं एक पाजणं काढलेल्या दुधावर, वाटी-चमच्यानं, दादानं करायचं. काढलेलं दूध बाहेर ४ तास टिकतं म्हणतात ते २५ अंशांपर्यंत; आपल्याकडच्या उन्हाळ्यात सरळ फ्रीजमध्ये ठेवा. उकळू नका, गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करा. भेटायला येणाऱ्यांची रांग मात्र बंद.

केसपेपर: एक राहिलं. झोपेची गरजच न वाटणं, असंबद्ध बोलणं, आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल भलतेच संशय, यातलं काहीही दिसलं तर प्रश्नावली बाजूला ठेवा. लगेच १०८ लावून मेडिकलची कॅज्युअल्टी. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका. भरती करावं लागलं तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून वेगळं करत नाहीत. बाळाला धोका असेल तरच, तेही तात्पुरतं.