प्रतिसाद : शार्लमेनच्या पलीकडची वंशावळ

'चाळीस पिढ्या मागे गेलं की प्रत्येक युरोपीय माणूस शार्लमेनचा वंशज निघतोच' हे वर चर्चेत म्हटलंय, ते गणिताने पटतं (शार्लमेन म्हणजे इ.स. 800 च्या सुमाराचा फ्रँक लोकांचा सम्राट). पण वंशज असणं वेगळं आणि मधली प्रत्येक पिढी कागदावर दाखवणं वेगळं. इंग्लंडात चर्चच्या नोंदवह्या सुरू झाल्या त्याच मुळी 1538 पासून. त्याआधी सरदार-जमीनदारांत सोयरीक सापडली तरच गाडी पुढे सरकते.

आणि शार्लमेनच्या मागे तर सगळा घोळच आहे. खात्रीची साखळी सातव्या शतकातल्या मेट्झच्या आर्नुल्फ बिशपापर्यंत कशीबशी पोचते. 751 मध्ये मेरोव्हिंजियन, म्हणजे आधीच्या फ्रँक राजघराण्यातल्या, राजाला हटवून शार्लमेनच्या घराण्याने गादी घेतली, मग नवव्या शतकाच्या सुरुवातीला वंशावळीत आर्नुल्फला एक आजोबा मिळाले : रोमन सिनेटर कुळातला आन्सबर्ट, आणि त्याची बायको म्हणे क्लोथार या मेरोव्हिंजियन राजाची मुलगी ब्लिथिल्ड. तिच्या काळातल्या एकाही लिखाणात या राजकन्येचा पत्ता नाही! ज्यांची गादी घेतली त्यांचंच रक्त आपल्यात असल्याचं दाखवायची ही सोय. आज वेबसाइटवरच्या तयार वंशवृक्षांत हे जोडपं बिनदिक्कत बसलेलं असतं. ब्लिथिल्ड दिसली की मी तिथेच थांबतो.