‘मोहक आगंतुक’ की ‘लाघवी पाहुणा’? आणि ‘स्लो-बर्न थ्रिलर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: एका कादंबरीच्या मलपृष्ठासाठी मजकूर लिहीत आहे. छोट्या गावात एक गोड स्वभावाचा अनोळखी माणूस येतो, सर्वांना आपलेसे करतो आणि मग हळूहळू काहीतरी बिनसत जाते, असे कथानक आहे. ‘एका मोहक आगंतुकाची संथ थरारकथा’ असे लिहिले, परंतु ते वाचताना अडखळायला होते. यातील कोणता शब्द चुकला आहे?

उत्तर: चारही शब्द शब्दकोशाप्रमाणे बरोबर आहेत, आणि तरीही या कथेला त्यांतील तीन नीट बसत नाहीत. ‘संथ’पासून सुरुवात करू, कारण तो सर्वांत लवकर निकालात निघतो. मराठीत कथेला किंवा चित्रपटाला ‘संथ’ म्हणणे ही तक्रार असते. नदी संथ असली तर ते तिचे सौंदर्य, पण गोष्ट संथ असली तर वाचकाने जांभई दिली असा त्याचा अर्थ होतो. शिवाय ‘थरार’ हा ‘थरथर’ या अनुकरणवाचक शब्दाच्या कुळातला असून त्यात अचानकपणा आहे, त्यामुळे ‘संथ थरार’ म्हणताना एक शब्द दुसऱ्याचे पाय ओढतो.

‘स्लो-बर्न’, म्हणजे हळूहळू जळणे, या मूळ इंग्रजी प्रयोगात संथपणावर भर नाही, जळण्यावर आहे. १९३० च्या दशकातील अमेरिकी विनोदी चित्रपटांत एडगर केनेडी हा नट आतल्या आत हळूहळू चढत जाणाऱ्या रागाच्या अभिनयासाठी प्रसिद्ध होता आणि त्याच्या त्या हातखंड्याला ‘स्लो बर्न’ म्हटले जाई. मराठीत ज्वाळा न दिसता आतून जळत राहणाऱ्या विस्तवासाठी आणि मनात दाबून ठेवलेल्या रागासाठी एकच क्रियापद आहे: धुमसणे. दोन भाषांतील रूपके इतकी नेमकी जुळलेली असताना ‘मंदज्वलित’सारखा शब्द घडवत बसण्याचे काहीच कारण नाही. ‘मंदाग्नी’कडे तर वळूच नये, कारण वाचकाला गावातील रहस्याऐवजी कोणाचे तरी अपचन आठवेल. ‘तुषाग्नी’, म्हणजे कोंड्याचा विस्तव, हा अर्थाने अतिशय अचूक शब्द आहे, परंतु आज तो समजावून सांगावा लागेल आणि मलपृष्ठावर समजावण्यास जागा नसते. तेव्हा ‘धुमसता थरार’ म्हणावे.

आता ‘मोहक’. मोह, मूढ आणि मुग्ध हे तिन्ही शब्द ‘मुह्’ या धातूपासून आले आहेत आणि त्या धातूचा अर्थ भान हरपणे, गोंधळणे असा आहे. ‘मुग्ध’ संस्कृतात आधी भांबावलेला किंवा मूर्ख, पुढे भोळा, आणि त्या भोळेपणामुळे सुंदर असा अर्थ घेत गेला. त्यामुळे व्युत्पत्तीच्या बाजूने पाहिले तर ‘मोहक’ इतका योग्य शब्द सापडणार नाही, कारण त्यात धोका आधीपासूनच दडलेला आहे. अडचण आजच्या वापराची आहे. आज हास्य मोहक असते, सुगंध मोहक असतो, एखादे दृश्य मोहक असते. माणसाच्या वागण्याला, विशेषतः पुरुषाच्या वागण्याला, आपण हे विशेषण सहसा लावत नाही. ‘आकर्षक’ तर जाहिरातींनी इतका झिजवला आहे की त्याच्यापुढे वाचक आपोआप ‘सवलत’ हा शब्द जोडतो. ‘राजबिंडा’ आणि ‘रुबाबदार’ हे रूपाविषयी बोलतात, तर या कथेतील माणसाचे भांडवल त्याचे बोलणे आहे.

म्हणून ‘लाघवी’. हा शब्द ‘लाघव’ म्हणजे हलकेपणा यावरून आलेला आहे आणि त्याच ‘लाघवा’वरून हातचलाखीला ‘हस्तलाघव’ म्हणतात. लाघवी माणूस समोरच्यावर आपल्या असण्याचे ओझे पडू देत नाही. तो घरात कधी आला आणि कधी घरचा झाला हे कळत नाही. शब्द कौतुकाचा आहे, पण त्याच्या तळाशी चलाखीची एक छटा आहे, आणि ती पहिल्या वाचनात दिसू नये पण दुसऱ्या वाचनात दिसावी हीच या प्रकारच्या कथेची गरज असते. ‘गोडबोल्या’ किंवा ‘साखरपेऱ्या’ म्हटले तर निकाल पहिल्याच पानावर लागतो. ‘मानभावी’ मी अजिबात सुचवणार नाही: एक तर तो ढोंग उघड करतो, आणि दुसरे म्हणजे तो ‘महानुभाव’ या पंथनामाचा पूर्वग्रहातून झालेला अपभ्रंश आहे.

‘आगंतुक’ या शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘आलेला’ इतकाच असला, तरी मराठीत तो न बोलावता आलेला, नकोसा, असा झाला आहे. तुमच्या कथेत गाव तर त्या माणसावर खूश आहे! आणखी एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. आयुर्वेदात रोगांचे ‘निज’ आणि ‘आगंतु’ असे दोन भेद केले आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायानुसार आघातासारख्या बाह्य कारणाने होणाऱ्या आगंतु विकारात आधी वेदना होते आणि मग वात-पित्त-कफांचे संतुलन बिघडते, तर निज विकारात ते संतुलन आधीच बिघडलेले असते आणि वेदना नंतर उमटते. या कसोटीवर धुमसणारी कथा आगंतु प्रकारात बसत नाही, ती निज प्रकारात बसते. परका माणूस येतो तेव्हा गावात जुनी वैरे, झाकलेली कर्जे आणि न बोललेली दुःखे अगोदरच असतात. तो त्यांना केवळ फुंकर घालतो. जळण आधीचेच असल्याशिवाय काही धुमसत नाही. त्यामुळे अशा कथेच्या मलपृष्ठावर ‘आगंतुक’ लिहिणे म्हणजे सारा दोष बाहेरच्यावर टाकून कथेतील खरी गोष्ट चुकीची सांगणे होय.

शंका: ‘पाहुणा’ म्हटले तर तो कोणाच्या तरी ओळखीचा वाटतो. ‘अनोळखी’, ‘परका’, ‘तिऱ्हाईत’ किंवा ‘उपरा’ का नको?

उत्तर: ‘तिऱ्हाईत’ म्हणजे दोन पक्षांच्या बाहेरचा तिसरा, त्यात तटस्थता आहे, आणि हा माणूस तटस्थ नाही. ‘उपरा’ या शब्दाला स्वतःची जागा नसल्याची वेदना आहे. तो वाचकाची सहानुभूती मागतो. ‘परका’ हा भेटीच्या वेळचा शब्द नाही, तो निवाड्याचा शब्द आहे: जवळीक तुटल्यावर आपण म्हणतो, ‘शेवटी परका तो परकाच.’ ‘अनोळखी’ निर्दोष आहे, परंतु तो पहिल्या दोन दिवसांपुरताच टिकतो. खरे तर अशा कथेत एकाच माणसाला गाव क्रमाने अनोळखी, पाहुणा, आपला माणूस आणि अखेर परका म्हणत जाते, आणि हा क्रम हेच कथानक असते. मलपृष्ठावर त्यातील दुसरी पायरी द्यावी, कारण वाचकाने तेथूनच आत यायचे आहे.

पाहुणा ओळखीचाच असावा लागतो, हेही पूर्ण खरे नाही. गावाकडे अनोळखी माणसालाच ‘काय पाहुणं, कुठलं म्हणायचं?’ असे विचारतात. म्हणजे संबोधनात आदर आणि प्रश्नात चौकशी, असे दोन्ही एका वाक्यात येते. ‘अतिथी’ मात्र येथे चालणार नाही. मनुस्मृतीने (३.१०२) एक रात्र राहणाऱ्यालाच अतिथी म्हटले आहे, आणि तुमचा माणूस तर मुक्काम हलवायचे नाव घेत नाही.

शंका: ‘भुरळ’ हा शब्द मजकुरात कोठे तरी घेता येईल का?

उत्तर: अवश्य घ्यावा, परंतु त्याच्या क्रियापदाकडे लक्ष ठेवावे. ‘गावाला त्याची भुरळ पडली’ आणि ‘त्याने गावाला भुरळ घातली’ ही दोन वाक्ये एकाच घटनेची असली, तरी पहिल्यात कर्ता नाही आणि दुसऱ्यात आहे. ‘भूल पडणे’ आणि ‘भूल देणे’ ही जोडी तर आणखी बोलकी आहे, कारण दुसरा प्रयोग आपण शस्त्रक्रियेपूर्वीच्या बधिरीकरणासाठीही वापरतो. मराठीत अशा जोड्या विपुल आहेत: पत्र गहाळ झाले, पत्र गहाळ केले, दार उघडे राहिले, दार उघडे ठेवले, दोघांत वितुष्ट आले, दोघांत वितुष्ट आणले. माझ्या मते मराठीत ही कथा लिहिणाऱ्याच्या हातातील सर्वांत मोठे साधन हेच आहे. पहिला अर्धा भाग ‘झाले, राहिले, आले’ या क्रियापदांत लिहावा, वाचकाला कर्त्याची उणीव जाणवू देऊ नये, आणि मग एखाद्या साध्या प्रसंगी, कोणी पात्र सहज बोलून जावे तसे, प्रथमच ‘केले’ यावे. त्या एका क्रियापदाने मागची सगळी पाने पुन्हा वाचावीशी वाटतात. मलपृष्ठ हे कथेच्या आधी वाचले जाते, म्हणून तेथे ‘भुरळ पडली’ इतकेच लिहावे. ‘घातली’ लिहिल्यास लेखकाने दोनशे पानांत जपलेला कर्ता तुम्ही एका ओळीत उघड कराल.

एकूण ओळ अशी होईल: ‘गावात एक लाघवी पाहुणा आला आणि गावाला त्याची भुरळ पडली: एक धुमसता थरार.’ ‘धुमसणारा’ही व्याकरणाने चालेल, पण ‘धुमसता’मध्ये क्रिया अजून सुरू असल्याचे सूचन अधिक आहे. आणि ‘गाव’ या शब्दाआधी ‘छोटे’ लावण्याची गरज नाही. जेथे एका पाहुण्याची बातमी संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते, ते गाव छोटेच असते.