दुसरीतल्या प्रत्येक मुलाची लक्षाची चाचणी व्हावी का?

शेवंती
माझी मुलगी आता सहावीत आहे. पहिलीपासून दर ओपन हाऊसला एकच वाक्य ऐकत आले, "हुशार आहे हो, पण लक्ष नसतं." दुसरीच्या एका वर्षात तीन कंपासपेट्या, एक स्वेटर आणि डब्याची दोन झाकणं हरवली. फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणायची. गणिताची रीत बरोबर, पण पुढच्या ओळीत येईस्तोवर अधिकचं वजा झालेलं. ती कुणाला मारत नाही, वर्गात पळत नाही, खिडकीशी गप्प बसून असते. म्हणून कुणाला काही वाटलंच नाही. मी मात्र तिला रोज बोलले, कधी हातही उगारला. सासूबाई म्हणायच्या, "हिचा बापही असाच वेंधळा होता, झाला ना इंजिनीअर?" गेल्या दिवाळीनंतर निदान झालं: एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा आजार; त्यातला मुख्यतः लक्ष न टिकण्याचा प्रकार. हे घराण्यातून येऊ शकतं म्हणून डॉक्टरांनी नवऱ्याच्या लहानपणाबद्दल विचारलं, तेव्हा सासूबाईंचं ते वाक्य आठवून अंगावर काटा आला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. दुसरीत प्रत्येक मुलाची लक्षाबद्दलची प्रश्नावली शाळेने सक्तीने भरून घ्यावी. "मी ढ आहे" असं समजून तिने चार वर्षं काढली आहेत.

खडूफळा
ताई, वाचून वाईट वाटलं. तरी विरोध नोंदवतो. २२ वर्षं प्राथमिकला शिकवतोय, यंदा वर्गात ५१ पोरं आहेत. ती प्रश्नावली शेवटी मीच भरणार, आणि माझ्या नजरेत सगळ्यात आधी कोण येणार? वर्गातली सर्वांत लहान पोरं. आपल्याकडे पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे एकाच बाकावर जानेवारीचं मूल आणि डिसेंबरचं मूल. सातव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे केवढा! कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हीच ३१ डिसेंबरची रेघ आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष छापला गेला: जानेवारीच्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरच्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याची शक्यता ३० टक्के जास्त, मुलींमध्ये ७० टक्के जास्त. आजार काही महिना बघून होत नाही. तिथे वयाने लहान असण्यालाच आजार म्हटलं गेलं. सक्तीची चाचणी आली की हेच आपल्याकडे गावोगाव होईल.

शेवंती
सर, माझी मुलगी फेब्रुवारीची आहे, वर्गात जवळजवळ सर्वांत मोठी. तिच्याकडे तर "मोठी होईल तशी सुधारेल" हेही कारण नव्हतं. तुमच्या नजरेत आधी येतात ती वर्ग हलवणारी मुलं. गप्प बसणारी मुलगी तुमच्या नजरेत येतच नाही, म्हणून मला कागद हवा आहे. कागदावर तिचंही नाव असतं.

खडूफळा
हे लागलं. खरं आहे.

आजोळ
मी दोन नातवंडांची आजी. आमच्या वेळी एका वाड्यात पंधरा पोरं होती, त्यांत तीन-चार द्वाड असायचीच, पायाला भिंगरी लावल्यासारखी. कुणी त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही. ती झाडावर चढत, विहिरीत पोहत, रात्री आडवी पडली की झोपत. आता पोरगं दोन खोल्यांत कोंडलेलं, हातात मोबाइल, खायला गोड बिस्किटं. आधी हे बदला, मग आजाराचं नाव काढा. मी मनापासून सांगते आहे, कुणाला दुखवायचं नाही.

निळी_सायकल
काकू, त्या तीन-चार द्वाड पोरांतली किती शाळा सोडून गेली, तेही आठवून पाहा. माझ्या चुलत्याला सातवीत शाळेतून काढलं. पन्नाशीपर्यंत त्याला एकही नोकरी वर्षभर टिकवता आली नाही.

माझ्या मुलाला एडीएचडीसाठी गोळी चालू आहे, मेथिलफेनिडेट. शेजारी "नशेची गोळी" म्हणाले. दर मेडिकलमध्ये मिळत नाही, चिठ्ठी दाखवून ठरावीक दुकानातून आणावी लागते, त्यामुळे लोकांना तसं वाटतं. गोळीने तो हुशार झाला नाही. त्याला थांबता यायला लागलं. प्रश्न पूर्ण ऐकून मग उत्तर. आधी प्रश्न अर्धा झाला की हात वर. त्रासही झाला: दुपारचा डबा तसाच परत यायला लागला. मग सकाळी गोळीच्या आधी पोटभर थालीपीठ, आणि रात्री आठला भूक परत आली की दुसरं जेवण. डॉक्टर ठरावीक अंतराने उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब बघतात. ते न बघता कुणी नुसती चिठ्ठी लिहून देत असेल तर डॉक्टर बदला.

पिवळा_फुगा
बालरोगतज्ज्ञ म्हणून लिहिते. आजी, साखरेचं आधी. मूल काय खातंय हे मुलाला, पालकांना आणि तपासणाऱ्यालाही न सांगता केलेल्या प्रयोगांत साखरेने वागणं बदललेलं दिसलं नाही. झोप आणि मैदान यांबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. अपुऱ्या झोपेचं मूल हुबेहूब एडीएचडीसारखं वागतं. आणि हा आजार मोबाइलने आणलेला नाही. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये लंडनमधल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं आहे.

आता चाचणीचं. मी सक्तीच्या विरोधात आहे, पण कारण वेगळं. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. लक्ष न टिकण्याच्या प्रकारात नऊपैकी किमान सहा लक्षणं हवीत, सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आत दिसू लागलेली, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी. त्याआधी कान तपासा, नजर तपासा, थायरॉइड बघा, मूल रात्री घोरतं का ते विचारा. घशामागच्या गाठी वाढल्या की झोप मोडते. एक मुलगी माझ्याकडे "लक्ष नाही" म्हणून आली. बोलता बोलता पाच-सात सेकंद तिची नजर थिजायची. तो फिट्सचा प्रकार निघाला, आणि उपचार पूर्ण वेगळे. सहा वर्षांखालच्या मुलांत तर आधी पालकांचं प्रशिक्षण, गोळी नंतर.

सरकारी सोय नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याच्या तीस आजारांच्या यादीत एडीएचडी आहे, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत.

खडूफळा
मॅडम, त्या कार्यक्रमाचं तपासणी पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. एका पोराला पाच मिनिटं. दात, डोळे, वजन दिसतं, लक्ष कसं दिसणार? नव्या माणसापुढे तर वांड पोरगंही शहाण्यासारखं बसतं.

निळी_सायकल
मग तुम्हीच सांगा सर, करायचं काय? "लेबल नको" म्हणणं सोपं आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन शिकताना येणारी अडचण) आहे, एडीएचडी वेगळं नाही. कागदावर काही नसेल तर शाळा परीक्षेत जादा वेळही देत नाही.

पिवळा_फुगा
म्हणूनच वाचन-लेखनाची चाचणी सोबत करून घ्या. दोन्ही एकत्र असलेली मुलं पुष्कळ असतात, आणि एक सापडलं की दुसरं बघायचं राहून जातं.

खडूफळा
मी वर्गात करतो ते सांगतो. निदानाची वाट न बघता करता येतं, आणि कुणाचं नुकसान होत नाही. असं मूल पुढच्या बाकावर, पण खिडकी आणि दारापासून लांब. सूचना एका वेळी एकच, तीही त्याचं नाव घेऊन झाल्यावर. दहा गणितांचं पान असेल तर खालची पाच कोऱ्या कागदाने झाकतो, वरची झाली की कागद खाली सरकवायचा. वीस मिनिटांनी त्याला ऑफिसातून खडू आणायला पाठवतो, खडू असले तरी. चांगलं केलं की त्याच क्षणी बोलतो, महिनाअखेरीच्या चांदणीपर्यंत थांबत नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: शिक्षा म्हणून या मुलांची मधली सुट्टी कधीही काढून घेऊ नका. त्यांना पळायला मिळतं ते तेवढंच.

हे दोन महिने करूनही फरक पडला नाही, तर डायरीत आजाराचं नाव न लिहिता, पाहिलं तेवढंच लिहावं. उदाहरणार्थ: "१२ जुलै ते ३० ऑगस्ट. फळ्यावरच्या आठ ओळींपैकी तीन उतरवते. नावाने हाक मारली की लगेच भानावर येते. तोंडी उत्तर बरोबर." सक्तीच्या प्रश्नावलीऐवजी एवढं प्रत्येक शिक्षकाने केलं, तरी डॉक्टरला हवं ते मिळेल.

पिवळा_फुगा
अशा चार ओळी हाती आल्या तर माझं निम्मं काम तिथेच होतं.

आजोळ
सर, ते खडू आणायला पाठवायचं घरीही करून बघते. धाकट्या नातवाला दळण आणायला पाठवीन.

शेवंती
मला दुसरीत असं काही लिहून मिळालं असतं तर मी हात उगारला नसता. पण सर, तुमच्यासारखे दोन महिने बघणारे शिक्षक किती? तुमच्या वर्गात ती असती तर कागद लागला नसता. ती तुमच्या वर्गात नव्हती. म्हणून मी मागणीवर ठाम आहे. फक्त एक बदल करते: प्रश्नावलीवर मुलाचा जन्ममहिना सगळ्यात वर, ठळक लिहिलेला असावा, आणि "गप्प बसून असते" हा रकानाही असावा.