७ दिवसांचा क्यूब उत्तम, २८ दिवसांचा मात्र कमी: दोष पाण्याचा की उन्हाचा?

धायरीचा_साइट_इंजिनीयर (प्रश्न)
पुण्यात धायरी भागात आमच्या इमारतीचा एक स्लॅब एप्रिलमध्ये भर दुपारी भरला. काँक्रीट एम-२५ प्रतीचे (म्हणजे २८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे) असून मिश्रण ठरवताना २८ दिवसांचे लक्ष्य ३१.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरले होते. ७ दिवसांचे क्यूब, म्हणजे त्याच मालाचे चाचणीसाठी भरलेले ठोकळे, २१ वर फुटले, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो; परंतु २८ दिवसांची सरासरी जेमतेम २५ आली. क्यूब पहिले २४ तास स्लॅबवरच उन्हात राहिले, हे मान्य करतो. माल घट्ट आहे म्हणून मुकादमाने पाणी वाढवले होते, हेही मागाहून समजले. त्यातच पाण्याच्या टाकीबाहेर राहून गेलेला एक क्यूब २८ दिवसांच्या चाचणीनंतर आणखी चार दिवसांनी कोरडाच फोडला, तर तो २८ न्यूटनपर्यंत गेला. सिमेंटला पाण्यानेच बळ येते, तर जास्त पाण्याने ते घटते का आणि सुकल्यावर वाढते का? नॅनो पातळीवर याचा काही उलगडा होतो का?

जेल_आणि_पोकळी
होतो; मात्र त्यासाठी ‘पाणी’ हा एकच शब्द वापरणे आधी सोडावे लागेल. सिमेंट आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते आणि काँक्रीटचा खरा चिकटपणा या जेलमध्येच असतो. त्याचे थर एकमेकांपासून साधारण एक-दीड नॅनोमीटरवर असतात. काही पाणी रासायनिकरीत्या बांधले जाते, काही या थरांमध्ये आणि काही नॅनोमीटर रुंदीच्या जेल-पोकळ्यांमध्ये धरले जाते, आणि उरलेले त्यांहून कितीतरी मोठ्या केशिका-पोकळ्यांत मोकळे राहते.

सिमेंट-संशोधक पॉवर्स यांच्या जुन्या आणि आजही उपयोगी पडणाऱ्या हिशेबानुसार १ किलो सिमेंट सुमारे ०.२३ किलो पाणी रासायनिकरीत्या बांधते आणि सुमारे ०.१९ किलो जेलमध्ये धरून ठेवते, म्हणजे एकूण ०.४२. पन्नास किलोच्या गोणीला हे २१ लिटर होते. मुकादमाने गोणीमागे आणखी ५ लिटर ओतले असतील, तर ते पाणी बांधायला सिमेंटच शिल्लक नसते. ते नुसती जागा अडवते, पुढे सुकून जाते आणि मागे पोकळी ठेवते. भेग तिथूनच सुरू होते.

कोरड्या क्यूबचे कोडे वेगळे आहे, कारण चार दिवसांच्या जास्तीच्या वयाने इतका फरक पडत नाही. जेलच्या पृष्ठभागांवर चिकटलेले पाणी त्या पृष्ठभागांमधील आकर्षण कमी करते आणि त्यांना किंचित दूर लोटते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २००९ मध्ये या जेलचे रेणूंच्या पातळीवरचे संगणकीय प्रारूप प्रसिद्ध केले. त्यात कातर ताण (थर एकमेकांवरून सरकवणारा जोर) दिल्यावर थरांमधील पाण्याच्या जागीच घसरण होताना दिसली आणि पाणी काढून टाकल्यावर तोच पदार्थ अधिक ताठ व बळकट ठरला. म्हणून ओला क्यूब कमी ताकद दाखवतो आणि म्हणूनच प्रमाणित चाचणी ओल्या अवस्थेत करतात. तुमचा २८ हा आकडा खरा असला, तरी तो हिशेबात धरता येणार नाही.

सेंटरिंग_ते_क्युरिंग
उन्हाचा मुद्दा मी पुरा करतो. तापमान वाढले की अभिक्रिया वेगाने होते, म्हणून ७ दिवसांचा आकडा सुखावतो. पण घाईत बनलेले जेल दूरवर पसरण्याआधीच सिमेंटच्या कणाभोवती दाट कवच करून बसते. त्यात भर म्हणजे उष्णतेत बनलेले जेल स्वतःच अधिक घन असते, त्यामुळे तेवढ्याच सिमेंटमधून कमी आकारमान भरले जाते आणि मधल्या पोकळ्या मोठ्या राहतात. दाट जेल म्हणजे मजबूत काँक्रीट असे वाटणे साहजिक आहे, पण भार पोकळीपाशी हरतो. थंड काँक्रीट सुरुवातीला मागे असते आणि पुढे याला गाठून मागे टाकते.

आपल्याकडे क्यूब पाण्यात ठेवण्याचे प्रमाणित तापमान २७ अंश, दोन अंश कमी-अधिक, असे आहे आणि पहिल्या दिवशी साइटवरही ते २२ ते ३२ अंशांतच ठेवायचे असतात. उन्हातल्या त्या २४ तासांनी तुमचे क्यूब बिघडवले, हे जवळजवळ निश्चित समजा.

धायरीचा_साइट_इंजिनीयर
म्हणजे क्यूब बिघडले, पण स्लॅब कदाचित ठीक असेल, असे समजावे का? स्लॅबवर आळी करून दहा दिवस पाणी साठवले होते.

जेल_आणि_पोकळी
तसे गृहीत धरू नका. तोच जास्तीच्या पाण्याचा माल स्लॅबमध्येही गेला आहे आणि दुपारचे ऊन त्यानेही सोसले आहे. दहा दिवसांच्या क्युरिंगने अभिक्रिया चालू राहते. मात्र मिसळतानाच शिरलेले जादा पाणी त्याने बाहेर निघत नाही. पुढचा स्लॅब सायंकाळी भरा, मिश्रणाच्या पाण्यात बर्फ वापरा, खडी सावलीत ठेवा आणि माल घट्ट झाला तर पाण्याऐवजी प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) द्या.

या स्लॅबसाठी स्ट्रक्चरल सल्लागाराच्या देखरेखीखाली कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापलेले दंडगोलाकार नमुने, काढून घ्या. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) कोअरची सरासरी समतुल्य क्यूब-ताकद त्या प्रतीच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम-२५ साठी हे आकडे सुमारे २१.३ आणि १८.८ होतात. अहवाल हाती आल्यावर कोअर फोडण्याआधी पाण्यात भिजवले होते की नाही, हे आधी विचारा. कोरडे फोडले असतील, तर तुमच्या त्या कोरड्या क्यूबसारखाच आकडा पुन्हा हातात पडेल.